गोडाचे माप : सण, साखर आणि आपला सीमाभाग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकवला तो केवळ लढायांचा आणि तहांचा नव्हे. माणसे काय खात होती, काय नेसत होती, बाजारात कोणत्या भावाने काय विकले जात होते, हाही इतिहासच आहे, असे ते आवर्जून सांगत. त्यांच्या या शिकवणुकीचा आधार घेऊन आज मी आपल्यापुढे एक घरगुती विषय मांडणार आहे. तो म्हणजे आपल्या सणांतील गोडाचा इतिहास.

हा विषय निवडण्यास एक निकडीचे कारण आहे. आज या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी अनेकांना डॉक्टरांनी साखर कमी करावयास सांगितले आहे. वर्षभर आपण तो सल्ला कसाबसा पाळतो, परंतु गणपती आले, दिवाळी आली, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, “सणाला नाही म्हणू नये.” मग आपल्या मनात एक द्वंद्व उभे राहते. प्रकृती सांभाळावी, तर रूढी मोडल्यासारखे वाटते. रूढी सांभाळावी, तर प्रकृती हातची जाते. या द्वंद्वाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिले, तर त्याला पहिला प्रश्न असा सुचेल की, ही रूढी मुळात किती जुनी आहे? आपले पूर्वज सणाला खरोखरच एवढे गोड खात होते काय?

माझे उत्तर असे आहे की, सणाला गोड करण्याची चाल फार जुनी आहे. परंतु आज आपण ज्या प्रमाणात गोड खातो, ते प्रमाण मात्र अलीकडचे, फार तर गेल्या नव्वद वर्षांतले आहे. जुन्या सणांत गोडाला माप होते. ते माप कसे होते, कोणी राखले होते आणि कशाने सुटले, हे क्रमाने पाहू.

भाषेचा पुरावा

साखर या पदार्थाची जन्मभूमी आपला देश होय, याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही. ‘शर्करा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ वाळू, खडे, कंकर असा आहे. उसाच्या रसापासून तयार होणाऱ्या रवाळ पदार्थाला तेच नाव मिळाले आणि पुढे फारसीतील ‘शकर’, अरबीतील ‘सुक्कर’ अशी वळणे घेत ते युरोपच्या भाषांत पोहोचले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील वस्तूंची वर्गवारी दिली आहे. तीत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खांड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे एकाहून एक अधिक शुद्ध होत जाणारे प्रकार येतात. राजाच्या कोठारात मोजून ठेवण्याजोगी ही वस्तू होती, एवढे यावरून निश्चित होते.

मराठी भाषेने या मौल्यवानपणाची खूण आजवर जपली आहे. विवाह ठरला की आपण ‘साखरपुडा’ करतो. दोन कुळांचा आयुष्यभराचा संबंध पक्का करावयाचा, तर त्यासाठी साखरेचा एक पुडा पुरेसा होता. शुभ बोलणाऱ्याला आपण म्हणतो, “तुझ्या तोंडात साखर पडो.” तोंडात पडेल एवढी, म्हणजे चिमूटभर. देवळातून परतताना हातावर पडतो तो खडीसाखरेचा एक खडा. आणि आनंदाला पारावार उरला नाही, हे सांगावयाचे झाल्यास आपण म्हणतो, “हत्तीवरून साखर वाटली.” वैभवाचे एवढे मोठे चित्र, पण त्यातही क्रियापद ‘वाटणे’ हेच आहे. हत्तीवरची साखर एका घरात राहत नाही. ती गावभर जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटच येते.

पुडा, चिमूट, खडा ही आपल्या भाषेतील साखरेची मापे आहेत. प्रसाद, वाण, खिरापत, वाटा हे शब्दही पाहा. प्रत्येकातील मूळ कल्पना वाटून घेण्याची आहे. पोट भरण्याची जबाबदारी भाकरीवर आणि भातावर होती. गोडाचे काम संबंध जोडण्याचे होते, आणि त्या कामाला थोडे पुरत होते.

गुऱ्हाळाचा ऋतू

सामान्य मराठी घराचे गोड म्हणजे गूळ. साखर महाग असे. ती आजाऱ्यासाठी, पाहुण्यासाठी आणि देवासाठी. गूळही बारमाही मुबलक नसे. ऊस तयार झाला की थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळे लागत. चुलाण पेटे, काहिलीत रस आटे, काकवीच्या वासाने शिवार भरून जाई, आणि मग ढेपा बाजारात येत. आपल्या शेजारचे कोल्हापूर या व्यापाराचे मोठे केंद्र. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती पुढे गुळाच्या व्यापारासाठी नावारूपाला आली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली.

हा ऋतुक्रम ध्यानात घेतला म्हणजे सणांची योजना उलगडते. तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव उभारतात, कारण तेव्हा ऊस उभा असतो. पौषात संक्रांत येते, तेव्हा नवा गूळ आणि नवे तीळ दोन्ही हाताशी असतात. थंडीत अंगाला स्निग्ध व उष्ण पदार्थाची गरज असते, आणि त्याच वेळी तिळगूळ वाटला जातो. आपल्या सीमाभागात ही प्रथा दोन्ही भाषांनी सारखीच जपली आहे. आपण तिळगूळ देऊन गोड बोलावयास सांगतो. कन्नड घरात ‘एळ्ळु-बेल्ल’ देऊन चांगले बोलण्याविषयी सांगतात. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि ‘बेल्ल’ म्हणजे गूळ. भाषा बदलली तरी तळहातावर पडणारे माप एकच आहे.

संक्रांतीचा हलवा घ्या. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन मंद आंचेवर साखरेचा पातळ पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचे. दाण्यावर काटा यावयास तासन् तास, कधी दिवस लागत. नव्या सुनेला आणि पहिल्या संक्रांतीच्या बाळाला त्याच हलव्याचे दागिने घालीत. या पदार्थाची किंमत वजनावर नव्हती. काट्यावर आणि कष्टावर होती. मूठभर हलव्यासाठी जिने दोन दिवस चुलीपुढे काढले, तिला तो कोणी वाटीने खावा असे वाटणे शक्यच नव्हते.

आपल्या बेळगावचे मांडेही याच जातीचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मंडक’ या खापरावर भाजलेल्या पदार्थाचे वर्णन आहे. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेत अडचण उभी राहते ती मांडे भाजण्याचे खापर मिळू न दिल्यामुळे. बेळगावच्या लग्नसमारंभांत आजही मांड्यांना मान आहे. हातावर पसरून पसरून कागदासारखी पातळ केलेली पोळी, आत पिठीसाखर, आणि वर घडी. हे काम सर्वांना साधत नाही, त्यासाठी जाणत्या हातांना बोलवावे लागते. ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, त्याचेही कारण हेच की, प्रत्यक्षात ते वारंवार खाण्याजोगे नव्हते.

सणांच्या ताटाची रचना

आता सणांचे ताट पाहू. आपल्याकडील सणांची नावे घेतली की डोळ्यांपुढे पुरणपोळी, मोदक, लाडू येतात. पण प्रत्येक सणाचा विधी तपशिलाने तपासला, तर गोडाच्या शेजारी दुसरी चव मुद्दाम बसवलेली आढळते.

वर्षाचा आरंभ गुढीपाडव्याने होतो. त्या दिवशी तोंडात पहिला घास जातो तो कडुलिंबाच्या पाल्याचा. त्यात गूळ, चिंच, ओवा, हिंग. कन्नड घरांत उगादीला ‘बेवु-बेल्ल’ म्हणजे कडुलिंब आणि गूळच असतो. रामनवमीला आणि हनुमान जयंतीला सुंठवडा; तो चिमटीत घ्यायचा. नागपंचमीला तळण वर्ज्य, म्हणून उकडलेली दिंडे. गोकुळाष्टमीचा काला हा पोहे, दही, मिरची, लोणचे यांचा. त्यात गोडाला मानाचे स्थानच नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून पिकलेल्या भाज्यांची भाजी. गौरी येतात त्या दिवशी अनेक घरांत नैवेद्य भाजी-भाकरीचा. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. गणपतीपुढील पंचखाद्यात खोबरे, खारीक, खसखस, खिसमिस आणि खडीसाखर, म्हणजे पाचांत साखर एक. नवरात्रात भोंडल्याची खिरापत झाकून आणतात आणि मुलींनी ती ओळखायची असते. तेथील गंमत ओळखण्यात आहे. खिरापत म्हणून भिजवलेली डाळही चालते. दसऱ्याला तर आपण एकमेकांना झाडाचे पान देतो आणि त्याला सोने म्हणतो.

दिवाळी हा आज गोडाचा सर्वांत मोठा सण. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात आणि गोव्यात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्या कडू रसाचे बोट जिभेला लावतात. त्यानंतर पोहे. गोव्यातील घरांत त्या सकाळी पोह्यांचे कितीतरी प्रकार होतात. रोसातले गोड, तसेच ताकातले, फोडणीचे, बटाट्याचे. धनत्रयोदशीचा नैवेद्य धणे आणि गूळ. फराळाच्या ताटातही चकली, कडबोळी, शेव, चिवडा यांची बाजू लाडू-करंजीपेक्षा हलकी नाही.

या सर्व उदाहरणांतून तीन गोष्टी दिसतात. पहिली, गोड हे हातावर किंवा द्रोणात मिळत असे, म्हणजे त्याला वाटा ठरलेला होता. दुसरी, गोडाच्या आधी किंवा बरोबर कडू, तिखट, आंबट चव असे. त्यामुळे थोड्या गोडाचीही गोडी कळे. तिसरी, प्रत्येक सणाचा पदार्थ वेगळा असे आणि तो त्या सणालाच होई. वर्षभर वाट पाहिल्यामुळे मोदकाला चव होती.

कारखाना, रेशन आणि चहा

हे माप कशाने सुटले? एका दिवसात सुटले नाही, आणि कोणा एकाच्या दोषाने सुटले नाही.

एकोणिसाव्या शतकात परदेशी साखर पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागली. मॉरिशस बेटावरून आलेल्या साखरेला ‘मोरस’ हे नाव पडले; गुजरातीत ते आजही रूढ आहे. त्यानंतर जावा बेटाची साखर आली. १९३२ साली सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, आणि देशात तीसच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. रावळगावचा कारखाना १९३३ सालचा. आपल्या जिल्ह्यात उगार येथे १९३९ साली शिरगावकर बंधूंनी कारखाना उभारला. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याची चिमणी पेटली, आणि त्या चळवळीने पश्चिम महाराष्ट्राचे आणि आपल्या भागाचे रूप बदलले. १९५६ साली आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पण उसाचा पट्टा कृष्णा, घटप्रभा, हिरण्यकेशी या नद्यांच्या काठाने दोन्ही राज्यांत एकसंध राहिला. संकेश्वरचा हिरण्यकेशी कारखाना त्याची साक्ष देतो. साखर शास्त्राचे शिक्षण देणारी संस्थाही आपल्याच बेळगावात आहे.

तरीही बराच काळ माप टिकले, कारण साखर नियंत्रणाखाली होती. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर नियंत्रण आले. डिसेंबर १९४७ मध्ये ते उठले, पण फार काळ नाही. १९६७ पासून लेव्हीची साखर एका भावाने आणि खुली साखर दुसऱ्या भावाने, अशी दुहेरी व्यवस्था सुरू झाली. कारखान्यांवरील लेव्हीचे बंधन २०१३ साली संपले. मी या शाळेत शिकत होतो त्या वर्षांत रेशनची साखर डब्यात मोजून पडे, आणि दिवाळीच्या महिन्यात थोडी जादा मिळे. त्या जादा साखरेची वार्ता घराघरांत आधी पोहोचे. आईने ती वेगळ्या डब्यात बांधून ठेवलेली असे आणि त्या डब्याला सणाच्या आदल्या दिवसापर्यंत कोणी हात लावीत नसे. माझ्या वयाच्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही.

मग साखर खुली झाली, स्वस्त झाली, आणि सणावाचूनच्या दिवसांत शिरली. तिचा मुख्य दरवाजा चहाचा. सिडनी मिंट्झ या अभ्यासकाने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या घरची दुर्मीळ साखर चहाच्या पेल्यातून कामगाराच्या रोजच्या आहारात कशी आली, याचा इतिहास सांगितला आहे. आपल्याकडे तीच गोष्ट शे-दीडशे वर्षांनी घडली. एक साधा हिशेब मांडतो. दिवसाला तीन कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, चमचा पाच ग्रॅमचा, तर दिवसाची साखर तीस ग्रॅम होते आणि वर्षाची सुमारे अकरा किलो. एका मध्यम पुरणपोळीत साधारण तेवढाच, पंचवीस-तीस ग्रॅम गूळ असतो. याचा अर्थ, ज्या घरात वर्षाकाठी चार-पाच वेळा पुरण शिजते, त्या घरातील माणूस चहाच्या कपातून रोज एक पुरणपोळी पितो. पोळीचा सण रोजचाच झाला. फक्त सणाचा आनंद त्यातून गेला.

दुसरा दरवाजा मिठाईच्या दुकानाचा. कुंदा हा बेळगावचा अभिमान, करदंट ही गोकाकची देणगी. त्यांची निंदा करण्याचे माझ्या मनात नाही. परंतु दुकानातून पेटी आणण्यास कष्ट पडत नाहीत, म्हणून पेट्यांची संख्याही मर्यादित राहत नाही. एका घरात दिवाळीला आठ पेट्या येतात, त्यांपैकी पाच दुसऱ्या घरी जातात, आणि शेवटी वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी त्या खातो. वाटण्याची जुनी क्रिया येथेही आहे, पण चिमटीची जागा किलोने घेतली आहे.

त्याची किंमत

गोडाच्या अतिरेकाने होणारा विकार आपल्या वैद्यांना नवा नव्हता. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे आणि झोपण्याचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळापासून केलेले पदार्थ यांचा उल्लेख आहे. सुश्रुताने तर निर्धन रोग्याला अनवाणी, छत्रीवाचून, शंभर योजने चालत जावयास सांगितले आहे. विहीर खणण्याचा उपायही त्याच्या ग्रंथात आहे. गोड कमी आणि हालचाल अधिक, हा आजच्या डॉक्टरांचा सल्ला दोन हजार वर्षांच्या परंपरेला धरूनच आहे.

आजची स्थिती मात्र पूर्वीच्या वैद्यांच्या कल्पनेपलीकडची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ मध्ये देशात मधुमेही व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या घरात होती. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. सर्व राज्यांत अधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के. दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक! ज्या गोव्याच्या दिवाळीचे ताकातले पोहे मी आताच वर्णिले, त्याच गोव्याचा हा आकडा आहे. यामागे केवळ साखर आहे असे कोणी म्हणणार नाही. बैठे काम, वाढलेले वजन, आनुवंशिकता, पांढरा भात अशी अनेक कारणे आहेत. पण साखर त्यांपैकी एक आहे आणि ती आपल्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली मर्यादा, दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला पन्नास ग्रॅम, शक्यतो पंचवीस. आपल्या देशात एकूण साखरेचा खप दरडोई वर्षाला सुमारे वीस किलो, म्हणजे दिवसाला पंचावन्न ग्रॅमच्या आसपास पडतो. त्यात गूळ धरलेला नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साखरेऐवजी गूळ घातला की पथ्य झाले, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. गुळात थोडे लोह आणि क्षार असतील, त्याची चवही निराळी. परंतु तोही बहुतांशी साखरच आहे आणि मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. जुन्या लोकांचे आरोग्य गुळाने राखले असे म्हणण्यापेक्षा, ते गुळाच्या मापाने आणि अंगमेहनतीने राखले, असे म्हणणे खरे ठरेल.

टंचाई आणि संयम

माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आक्षेपक म्हणेल, “तुम्ही ज्याला माप म्हणता, ती नुसती टंचाई होती. गोड मिळत नव्हते, म्हणून लोक थोडे खात होते. यात संस्कृतीचे कौतुक काय?” हे बव्हंशी खरे आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते लपवू नये. त्याहून कटू सत्य असे की, जुन्या गावात वाट्यालाही पायरी होती. सणाच्या दिवशी काहींना पंगतीत पोळी मिळे, काहींना वेशीबाहेर उरलेले अन्न मिळे. बलुत्याच्या आणि सणाच्या नावाने मिळणारे ते अन्न नाकारणे, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील स्वाभिमानाचा भाग होता. हळदीकुंकवाच्या वाणातून विधवा स्त्रीला वगळले जात होते, हेही विसरून चालणार नाही. ज्या कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या गोडाचा घास नाकारला गेला, त्यांनी आज आपल्या मुलाच्या वाढदिवसाला भरपूर मिठाई आणली, तर तिला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

तेव्हा जुने दिवस परत आणावेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. टंचाईने लादलेले माप गेले, ते चांगलेच झाले. प्रश्न इतकाच की, मुबलकतेत माप आपण स्वतः ठरवू शकतो काय? सण आपल्याला त्यासाठी साधने देतात, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

दुसरा आक्षेप आपल्या जिल्ह्यापुरता आहे. या सभागृहातील अनेकांची शाळेची फी उसाच्या बिलातून भरली गेली आहे. शाळेच्या इमारतीतील कित्येक विटांमागे उसाचा पैसा आहे. अशा गावात “साखर कमी खा” म्हणणे हे खाल्ल्या घरचे वासे मोजण्यासारखे वाटेल. पण आज कारखान्याचे भवितव्य केवळ आपल्या चहाच्या कपावर अवलंबून नाही. उसापासून इथेनॉल होते, वीज होते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. त्याने शेतकऱ्याचे सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. तथापि शेतकऱ्याचे हित राखण्यासाठी शेतकऱ्यानेच मधुमेही व्हावे, हा तर्क कोणासही पटणार नाही. आणि आज मधुमेह शहराच्या वेशीवर थांबलेला नाही, तो उसाच्या फडापर्यंत पोहोचला आहे.

आपल्या हातातील गोष्टी

शेवटी काही व्यावहारिक सूचना करतो. त्या वैद्याच्या नाहीत, इतिहासाच्या शिक्षकाच्या आहेत. जे औषध किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी उपवास आणि सणाचे जेवण याविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

एक, कपात सणाला करू नये, रोजच्या दिवसांना करावी. चहातील साखर निम्मी केली, तरी वर्षाला साडेपाच किलो वाचते. तेवढी साखर कोणत्याही घराच्या साऱ्या सणांना मिळून लागत नाही. दोन, एका सणाला एकच गोड करावे आणि ते त्या सणाचेच असावे. गणपतीला मोदक असताना जिलेबी, गुलाबजाम आणि श्रीखंड यांची गर्दी कशाला? तीन, कडुलिंब, कारीट, सुंठवडा, काला हे विधी आपण लाजेने किंवा घाईने सोडून दिले आहेत. ते पुन्हा मुलांच्या हाती द्यावेत. चार, गोड घरी आणि मिळून करावे. ते काम एकट्या गृहिणीच्या माथी मारले गेले, म्हणूनच तिने दुकानाचा रस्ता धरला, आणि त्यात तिचे काही चुकले नाही. मोदकाच्या पाऱ्या वळण्यास मुलगे आणि पुरुषही बसले, तर एकवीस मोदकांत घर तृप्त होते.

पाचवी सूचना आग्रहाविषयी. पंगतीत आग्रह करणे हा आपल्याकडे आदराचा भाग होता. वर्षातून दोनदा गोड मिळणाऱ्या माणसाला “आणखी एक घ्या” म्हणणे म्हणजे संकोच सोडून खाण्याची त्याला मोकळीक देणे होते. आज तेच वाक्य मधुमेही पाहुण्याला संकटात टाकते. तो नको म्हणतो, यजमान रागावतो. मग चारचौघांत त्याला आपला आजार सांगावा लागतो किंवा मुकाट्याने खावे लागते. हे आदरातिथ्य नव्हे. वाढणाऱ्याने एकदा विचारावे आणि “नको” हे उत्तर तसेच मान्य करावे. ज्याला गोड चालत नाही, त्याला कोपऱ्यात बसवून सुक्या पोळीचे वेगळे ताट देण्यापेक्षा, सर्वांच्याच ताटात गोड थोडे वाढावे. मग कोणाचे आजारपण उघडे पडत नाही, आणि पंगत पंगतच राहते.

आपल्या शाळेने यात पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. संक्रांतीला शाळेत तिळगूळ वाटला जातो. तो चिमटीनेच वाटावा, आणि तीळ का, गूळ का, हे त्या दिवशी मुलांना वर्गात सांगावे. राष्ट्रीय सणांना मुलांच्या हातात चॉकलेटऐवजी शेंगदाणे, फुटाणे किंवा पेरूची फोड ठेवली, तरी झेंड्याचा मान उणा होणार नाही. माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनात बिनसाखरेच्या चहाची किटली पहिल्या टेबलावर असावी आणि साखरेचे भांडे शेजारी. ज्याला हवी, त्याने घालून घ्यावी. या गोष्टींना खर्च नाही, ठरावाचीही गरज नाही.

आजच्या कार्यक्रमानंतर आपल्यासाठी अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे, असे मला सांगण्यात आले आहे. त्यात बेळगावचा कुंदा असणार, हे मी गृहीत धरतो, आणि मीही तो घेणार आहे, परंतु चमचाभर.